लाटंबार्सेतल्या जास्तीच्या प्रती

मराठवाड्यातल्या भूमच्या वाचनालयाच्या तेव्हाच्या ग्रंथपाल शकुंतला कदम बाई यांच्यामुळे मी शिकलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बराच रागावून लिहिणार आहे, आणि कशाचा राग यायला हवा हेही मला त्यांनीच शिकवलं. माझे वडील खव्याच्या भट्टीवर दूध आटवायचे. आमच्या घरात दहावीपुढे कोणी गेलं नव्हतं. शाळा सुटली की मी वाचनालयात जाऊन बसायचो, ते पुस्तकांसाठी नाही, तिथे पंखा होता म्हणून. बाईंनी मला एके दिवशी पंख्याखालून उठवलं आणि कार्डांच्या खणांपुढे उभं केलं. "पुस्तक कुठं आहे ते आधी इथं शोध. मी काढून देणार नाही." मला वाटलं, काय खडूस बाई आहे! पण त्या खणांत बोटं फिरवता फिरवता मला पुस्तकांचा नाद लागला. पुढे कॉलेजात नाव घालायला त्याच माझ्याबरोबर एसटीने आल्या. वडिलांना रजा मिळाली नव्हती.

आज मी पुण्यातल्या एका प्रकल्पात नोकरी करतो. आमचं काम थोडक्यात असं. गावोगावच्या ग्रंथालयांनी आपापल्या संगणकावर पुस्तकांच्या नोंदी केलेल्या असतात. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, भाषा. पुस्तकाविषयीच्या या माहितीला मेटाडेटा म्हणतात. आमची यंत्रणा ठरावीक वेळी प्रत्येक ग्रंथालयाच्या संगणकाकडे जाते, त्या नोंदी उचलते आणि एका ठिकाणी आणून ठेवते. पुस्तक जागेवरच राहतं, त्याची ओळख फक्त प्रवास करते. मग कोणीही, कुठूनही, एकाच चौकटीत नाव टाइप करायचं आणि ते पुस्तक कुठल्या गावात आहे ते पाहायचं. या सोयीचं नाव शोध. भूमच्या पोराला पेडण्याचं पुस्तक दिसावं, यासाठी मी पगार घेतो. मला हे काम फार मोलाचं वाटतं. अजूनही वाटतं.

उत्तर गोव्यातल्या काही छोट्या ग्रंथालयांच्या नोंदी नीट येत नव्हत्या, म्हणून मला तिकडे पाठवलं. गोवा म्हटल्यावर ऑफिसात सगळ्यांनी मला टोपी आणि गॉगल घेऊन जायला सांगितलं. मी दोन्ही नेलं नाही.

पेडणे

सकाळी मला भोंग्याच्या आवाजाने जाग आली. बाहेर पाहिलं तर सायकलवर मोठी टोपली बांधलेला पोदेर, म्हणजे पाववाला, रबरी भोंगा पिळत चालला होता. आमच्याकडे पाव आजारी माणसाला चहात बुडवून देतात. त्यामुळे खानावळीत पहिल्या दिवशी पातळ भाजी आणि पाव समोर आला तेव्हा मी विचारलं, "भाकरी नाही का?" मालक म्हणाला, "पात्रांव, भाकरी दनपारां. सकाळी पावच." पात्रांव म्हणजे मालक. तो मला मालक म्हणत होता, आणि माझा हक्क मात्र पावापुरताच होता. पण खरं सांगायचं तर तो उंडा, म्हणजे गोल पाव, वरून कडक आणि आतून मऊ, त्या हळसांद्याच्या, म्हणजे चवळीच्या, भाजीत बुडवल्यावर मी भाकरीचं नाव पुन्हा काढलं नाही.

ग्रंथालयात नाईक सर माझी वाटच पाहत होते. ते तिथले ग्रंथपाल. पन्नाशीचे, कपाळावर बारीक गंध, आणि बोलायला अतिशय तिखट. मी बसायच्या आत त्यांनी संगणक माझ्याकडे वळवला.

"सर, तुमचो शोध उघडा. भाषा मराठी निवडा. आता सांगा, आमची पुस्तकां खंय गेली?"

मी शोधलं. पेडण्याचं एकही पुस्तक येईना. समोर भिंतभर मराठी पुस्तकं उभी, आणि आमच्या शोधाच्या लेखी ती नव्हतीच. मी भाषेची अट काढली तशी सगळी पुढे आली. प्रत्येकासमोर लिहिलेलं: कोंकणी.

मी पुण्याला फोन लावला. आमच्या प्रकल्पाचे प्रमुख, ज्यांना आम्ही नुसतं साहेब म्हणतो, ते म्हणाले, "अरे, जिथे भाषेचा रकाना रिकामा असेल तिथे राज्याची भाषा टाकायची असं आपण ठरवलंय. गोवा म्हणजे कोकणी. सोपं आहे."

मी फोनवर हात ठेवून हे नाईक सरांना सांगितलं. ते हसले नाहीत.

"आमी घरात कोंकणी उलयतांव आनी मराठी वाचतांव. कोंकणी पुस्तकांय आसात, ती त्या कपाटात. ह्यात तुमच्या साहेबाक कठीण किते?"

मलाही कठीण काही वाटलं नाही. भाषा रिकामी असेल तर रिकामी दिसू द्या, पुस्तक उघडून बघायच्या आधी त्याला भाषा चिकटवू नका, एवढंच तर होतं. साहेबांनी दुपारपर्यंत ते बदलून दिलं, आणि नाईक सर रिकाम्या रकान्यांत मराठी भरायला बसले. मी नाईक सरांना मोठ्या अभिमानाने म्हणालो, "आमच्याकडे चूक दाखवली की लगेच दुरुस्त करतात." सर म्हणाले, "बरें तर. रावा जेवायला." त्यांनी मला घरी नेऊन सोलकढी पाजली. त्या दिवशी मी माझ्या ऑफिसवर फार खूश होतो.

मांद्रे

मांद्र्यात समुद्र पाहिला, पण भाड्याची स्कूटर वाळूत रुतल्यामुळे तिच्याकडेच जास्त पाहावं लागलं. दोन कोळ्यांनी ती उचलून रस्त्यावर ठेवली आणि एकाने विचारलं, "सायबा, रस्तो सोडून हांगा कित्याक आयलो?"

तिथलं छोटं वाचनालय पर्यटकांच्या खोल्या देणाऱ्या एका घराच्या पुढच्या भागात आहे. पाहुणे जाताना पुस्तकं विसरतात किंवा टाकून देतात, घरमालकीण ती वाचनालयात ठेवते. जाड जाड परदेशी कादंबऱ्या, काही लिपी तर मला ओळखताही येईनात. आणि या सगळ्यांच्या नोंदी आमच्या शोधात अगदी सुरेख आलेल्या होत्या. कारण त्यांच्या पाठीवर पट्ट्यापट्ट्यांची खूण छापलेली असते, ती यंत्रापुढे धरली की सगळी माहिती आपोआप भरली जाते.

घरमालकीण म्हणाली, "तीं पुस्तकां कोण वाचीत ना. पण दिसतात कशीं बरीं!"

मीही हसलो. पण परत येताना ते हसू हळूहळू आंबट झालं. वाळूत विसरलेली कादंबरी जगाला दिसते, आणि पेडण्याच्या भिंतीवरचं मराठी पुस्तक कालपर्यंत दिसत नव्हतं. यंत्राला जे सोपं जातं ते आधी दिसतं. आम्ही मात्र लोकांना सांगतो की इथे सगळंच दिसतं.

आमोणे

इथलं काम लवकर आटपलं. मांडवी गावाला लागूनच वाहते. पाणी इतकं शांत की मला ते तळं वाटलं. भूमला आम्ही नदीचं पाणी पाहायला पूल ओलांडून जातो आणि बहुतेक वेळा वाळू पाहून परत येतो. इथे माणसं पाण्याकडे पाठ करून गप्पा मारत बसली होती. आमच्याकडे भरल्या नदीकडे पाठ करून कोणी बसत नाही.

एका घरी जेवायला बोलावलं होतं, तिथे नदीतला शेवटो नावाचा मासा होता. काटा घशात अडकला. यजमानांच्या आईने कोरड्या भाताचा गोळा करून माझ्या तोंडात अक्षरशः कोंबला आणि गिळायला लावला. काटा गेला. "घाटावयल्यांक मासो दाखवून मगीर दिवचो," असं ती आपल्या लेकाला म्हणाली, म्हणजे घाटावरच्यांना मासा आधी दाखवावा आणि मग वाढावा. माझ्यापुरतं ते खरं होतं.

लाटंबार्से

लाटंबार्सेला पोचलो तेव्हा हवेत काजूच्या बोंडांचा आंबूस गोड वास होता. वाटेत एका मांडवात भट्टी पेटलेली होती. भट्टी म्हटलं की मी थांबतो. आमच्या भट्टीवर दूध आटतं आणि माणूस ढवळत राहतो, इथे रस उकळतो आणि माणूस बसून थेंबांकडे बघतो. मी नीरो प्यायलो, म्हणजे बोंडांचा नुसता गाळलेला रस. फार छान लागला. भट्टीवाल्याने पुढची पायरीही देऊ केली, पण मी कामावर होतो.

वाचनालय देवळाच्या मागच्या बाजूला आहे. कौलारू, दोन खोल्या आणि मागे पडवी. ग्रंथपाल शामल गावस. गावात सगळे त्यांना शामलबाय म्हणतात. मी नाव सांगितलं तशा त्या म्हणाल्या, "या. तुमच्यासाठीच जागा करतोय." आणि त्यांनी दाखवलं. पुढच्या खोलीतलं एक लाकडी कपाट रिकामं करून भिंतीपासून ओढलं होतं. तिथे संगणकाचं टेबल यायचं होतं. आमच्या प्रकल्पाकडून आलेला नवा संगणक.

"कपाटातली पुस्तकं?"

"मागे पडवीत. पोत्यांत. तुमचीच यादी आली ना, जास्तीच्या प्रतींची."

ही यादी म्हणजे आमच्याच प्रकल्पाची दुसरी सोय. ज्या ग्रंथालयांना जागा कमी पडते त्यांना आमच्या शोधावरून कळवलं जातं की अमुक पुस्तकाच्या तुमच्याकडे इतक्या प्रती आहेत, उत्तम स्थितीतली एक ठेवा, बाकीच्या काढल्या तरी चालतील. मला ही सोय तोवर चांगलीच वाटत होती. मी यादी हातात घेतली. पहिल्याच ओळीत होतं, 'संगीत मयूरमुद्रा', अकरा प्रती, ठेवायची एक.

"अकरा?" मी म्हणालो. "एकाच नाटकाच्या एवढ्या कशाला घेतल्या?"

शामलबाय माझ्याकडे असं बघू लागल्या, जसं मी पंख्याखाली बसलो की कदम बाई बघायच्या.

"घेतल्या नाहीत. आल्या."

मग त्यांनी सांगितलं ते मला नवीन होतं. इथे वाडा म्हणजे गावातली एक वस्ती, आणि देवळाच्या उत्सवात अशी वाड्यावाड्याची नाटकं होतात. यंदा या वाड्याचं, पुढच्या वर्षी त्या वाड्याचं. आसपासच्या गावांतही तसंच. नाटक बऱ्याचदा तेच जुनं. छापील पुस्तक एकच असलं तरी प्रत्येक वाडा ते आपल्यासारखं करून घेतो. पदं बदलतात, प्रवेश गाळतात, एखादं विनोदी पात्र स्वतःचं घालतात. ते सगळं पुस्तकातच लिहायचं, ओळींच्या मध्ये, कडेला, जागा पुरली नाही तर कागद चिकटवून. प्रयोगात प्रॉम्प्टर तेच हातात धरून उभा राहतो. प्रयोग झाला की ती प्रत कोणाच्या घरात ठेवत नाहीत, भावाभावांत भांडणं होतात म्हणून. ती वाचनालयात येते. वाड्याची पाळी आली की वाडा आपली प्रत मागून नेतो आणि नाटक झालं की परत आणून देतो.

"म्हणजे अकरा प्रती नाहीत," मी म्हणालो. "अकरा नाटकं आहेत."

"धा. एक कोरी. ती कोणीतरी भेट दिलेली. कोणी उघडलेलीच नाही."

"आणि ठेवली कोणती?"

बाईंनी टेबलाकडे बोट केलं. कोरी. कडक बांधणीची, पानं चिकटलेली, एकही खूण नसलेली. यादीत लिहिलं होतं ना, उत्तम स्थितीतली.

मला इतका राग आला की बोलताना माझा आवाज चढला. "बाई, तुम्हाला माहीत होतं तर तुम्ही नोंदीत लिहिलं का नाही?"

त्यांचा आवाज माझ्यापेक्षा चढला. "लिहिलं नाही? तुमीच तर रकाना दिलाय, टीप म्हणून! प्रत्येकात लिहिलंय, कुठल्या वाड्याची, काय बदललंय. मी कमिटीलाही सांगितलं. ते म्हणाले, पुण्याहून यादी आलीय, त्यांना जास्त कळतं. आणि आता तुमी येऊन मला विचारता?"

मी त्यांच्या जुन्या संगणकावर नोंद उघडली. होतं. सगळं होतं. 'वरचा वाडा. तिसऱ्या अंकातली पदं नवी. विदूषक वाढवला आहे.' 'सकयलो वाडो. शेवट बदलला.' सकयलो म्हणजे खालचा. एकेक टीप वाचताना माझे कान तापत गेले. कारण टीपेचा रकाना आमची यंत्रणा उचलतच नाही. नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष उचलते. ती चारही सारखी असली की यंत्रणा म्हणते, हे सगळं एकच, आणि अकरा नोंदींची एक करते. त्याला आमच्याकडे शुद्धीकरण म्हणतात.

शुद्धीकरण! ज्या एका रकान्यात गावाने आपलं काय ते लिहिलं, तो रकाना वगळून जे उरतं त्याला शुद्ध म्हणायचं. मग त्या शुद्ध यादीच्या जोरावर गावालाच सांगायचं, तुमच्याकडे जास्त झालंय, टाकून द्या. आणि टाकून झालेल्या जागी काय ठेवायचं? ज्याच्यावर हा शोध चालतो तो संगणक.

हे चाललं असतानाच पडवीपाशी पिकअप येऊन लागली. दत्ता मळीक आले होते. ते पूर्वी खाणीवर टिपर चालवत, आता स्वतःची पिकअप भाड्याने देतात. पोती डिचोलीच्या भंगारवाल्याकडे न्यायला त्यांना बोलावलं होतं. मोठा देह, मोठा आवाज.

"बाये, पोतीं खंयची?" म्हणत त्यांनी एक उचललं. तोंड नीट बांधलेलं नव्हतं. वरची प्रत घसरून खाली पडली. त्यांनी ती उचलली, उघडली, आणि पोतं तसंच सोडून दिलं.

"हें किते? मयूरमुद्रा? हें आमचें नाटक!" ते आत आले. "शामलबाय, यंदा आमच्या वाड्याची पाळी. पंधरवड्यान तालीम सुरू. आनी आमचें पुस्तक भंगाराक? तेंय माझ्याच गाडयेन? वयर भाडें माकाच दितलें?"

"दत्ता, आधी नीट बघ," शामलबाय म्हणाल्या. "तें तुझें न्हय. तें सकयल्या वाड्याचें."

दत्ताभाऊंनी पुन्हा उघडून पाहिलं. खालच्या वाड्याचंच होतं. मला वाटलं, आता ते पुन्हा पोत्यात जाणार.

"तरीय भंगाराक नाका," ते म्हणाले. "त्यांकां हरोवंक तरी त्यांचें नाटक उरूंक जाय मरे!"

हरवायला तरी समोरच्याचं नाटक शिल्लक हवं, हे मलाही पटलं. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "आनी हे कोण?"

"यादीवाले," शामलबाय म्हणाल्या.

मला आयुष्यात बऱ्याच शिव्या ऐकाव्या लागल्या आहेत, पण त्या एका शब्दाइतकं काही लागलं नाही. मी म्हणालो, "दत्ताभाऊ, पोती कुठे जाणार नाहीत. मी पुण्याला बोलतो." पेडण्याचा अनुभव ताजा होता. चूक दाखवली की दुरुस्त होते, यावर माझा विश्वास होता.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "प्रती वेगळ्या असत्या तर नोंदीत फरक दिसला असता."

"फरक टीपेत आहे, सर. टीप आपण घेत नाही."

"टीपेत लोक काहीही लिहितात. उंदराने खाल्लंय, अमक्याने परत केलं नाही. ते घेतलं तर शोधाचा उकिरडा होईल."

"पण सर, इथे ते पुस्तकच आहे. छापलेलं नाटक आणि हे नाटक एक नाही. यंदा हेच करणार आहेत लोक."

"तू भावनेच्या भरात बोलतोयस. पेन्सिलीने कोणी पुस्तकात लिहिलं तर आपण त्याला खराब प्रत म्हणतो. तुला शिकवलंय हे."

हो, शिकवलंय. पुस्तकात लिहू नये हे मलाही शिकवलं होतं. पण लिहिण्या-लिहिण्यात फरक असतो हेही मला शिकवलं होतं, आणि साहेब ज्या कॉलेजात शिकले तिथे ते बहुधा राहून गेलं. मी फोन ठेवला. शामलबाय आणि दत्ताभाऊ माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना काय झालं ते सांगायला मला लाज वाटली, पण सांगितलं.

"मागच्या आठवड्यात एक खेप गेली," शामलबाय हळू आवाजात म्हणाल्या. "दुसऱ्या गाडीने. आणखी दोन नाटकांच्या प्रती होत्या. कुडण्याच्या आणि साळच्या मंडळांच्या."

त्या खेपेत नेमकं काय होतं ते आता कोणत्याच शोधात सापडणार नाही. आमच्या शोधात तर त्या पुस्तकांची एकेक कोरी प्रत सुखरूप दिसते आहे. नुकसान झाल्याचं दिसतसुद्धा नाही, याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

मी डोकं धरून बसलो असताना दत्ताभाऊंनी पोती एकेक करून पडवीत ओतली. त्यांची, म्हणजे वरच्या वाड्याची, प्रत चौथ्या पोत्यात निघाली. कव्हर नाही, शिवलेली पाठ, आणि मध्ये एक पद खळीने चिकटवलेलं. दत्ताभाऊंनी ते पद तिथेच उभ्याने गायला सुरुवात केली. सूर फारसा चांगला नव्हता. शामलबाय म्हणाल्या, "दत्ता, तू प्रॉम्प्टर आहेस तोच बरा."

ते गात असताना मला सुचलं. आमची यंत्रणा टीप घेत नाही, पण आवृत्तीचा रकाना घेते. आवृत्ती वेगळी असली की नोंद वेगळी धरते. आणि प्रयोगासाठी बदल केलेल्या नाटकाला रंगावृत्ती म्हणतात, हे काही मी काढलेलं नाही. ही पळवाट नव्हती. जी गोष्ट जी आहे तिला ते नाव द्यायचं होतं, आणि माझ्या मते आमचं सगळं काम तेवढंच आहे.

"आवृत्ती म्हणजे किते?" दत्ताभाऊंनी विचारलं.

"छापलेलं बदललं की नवी आवृत्ती."

"मगीर आमची दर खेपे नवी!"

शामलबाय एकेक प्रत उघडून वाडा सांगत होत्या आणि मी भरत होतो. 'वरच्या वाड्याची रंगावृत्ती.' 'खालच्या वाड्याची रंगावृत्ती.' मध्ये त्यांच्या घरून उकड्या तांदळाची पेज आणि कैरीचं लोणचं आलं. आमच्याकडे पेज आजाऱ्यालाच देतात, पावासारखी. मी दोनदा घेतली. दत्ताभाऊ भाडं बुडाल्याबद्दल मला टोमणे मारत पोत्यांतून उरलेली पुस्तकं वेगळी लावत होते. संध्याकाळी मी नोंदी आमच्या यंत्रणेकडे पाठवल्या आणि शोधात नाव टाइप केलं. 'संगीत मयूरमुद्रा', अकरा. कोरी सोडून प्रत्येकीसमोर तिच्या वाड्याचं नाव. शामलबायनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं.

"आता दिसतात," त्या म्हणाल्या, आणि माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली. तोवर मी स्टुलावर होतो.

डिचोली

दुसऱ्या दिवशी डिचोलीच्या बाजारात चहा पीत असताना साहेबांचा फोन आला. अकरा नोंदी त्यांना दिसल्या होत्या. प्रकाशकाने न काढलेली आवृत्ती आपण आवृत्ती मानत नाही, महिनाअखेरच्या शुद्धीकरणात त्या परत एक होतील, लाटंबार्सेला यादी नव्याने जाईल, आणि मी लेखी खुलासा द्यावा, असं त्यांनी सांगितलं. पेडण्याची भाषा दुपारपर्यंत बदलली, कारण त्यात साहेबांचं काही मोडत नव्हतं. इथे एक नियम मोडत होता, आणि त्या नियमापुढे आख्खं गाव जास्तीचं ठरत होतं.

खुलासा मी दिला. तुम्ही आत्ता जे वाचलंत तेच, थोड्या सभ्य भाषेत. पण त्याआधी डिचोलीच्या पोस्टातून एक पत्र पाठवलं. ते इथे देतो.

*ती. कदम बाई यांस,*

*सा. न. वि. वि.*

*मी डिचोलीत आहे. तब्येत चांगली आहे, घशात काटा अडकला होता तो निघाला. तुम्हाला एक काम सांगतो आहे. तुम्ही मला कामं सांगायच्या, मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, म्हणून आधी माफी मागतो.*

*आमच्या यंत्रणेचा एक नियम आहे. ज्या नोंदीवर दुसऱ्या ग्रंथालयाच्या वाचकाची मागणी असते, ती नोंद मागणी पुरी होईपर्यंत कोणी एकत्र करू शकत नाही आणि ती प्रत काढून टाकता येत नाही. हा नियम साहेबांनीच केलेला आहे आणि चांगला आहे. आपलं भूमचं वाचनालयही आमच्या शोधाला जोडलेलं आहे. तुम्ही निवृत्त झालात तरी रोज सकाळी तिथे जाता हे मला माहीत आहे. तिथल्या संगणकावर 'संगीत मयूरमुद्रा' टाइप करा. अकरा नोंदी येतील. त्यांतली एक कोऱ्या प्रतीची आहे, बाकी प्रत्येकीत निराळं नाटक आहे. कसं ते मी आल्यावर सांगेन, पण तुम्ही एक प्रत उघडलीत तर मला सांगावं लागणार नाही.*

*त्या मागवा. खोटी मागणी करा असं मी म्हणत नाही, तुम्ही ते करणारही नाही. ज्यांना नाटकं वाचायला आवडतात अशा वाचकांना दाखवा आणि ज्याला जी हवी ती मागू दे. एकेकाने एकेक. पुस्तकं टपालाने येतील, वाचून परत पाठवा. कडेला जे लिहिलंय ते खोडू नका आणि कोणाला खोडू देऊ नका. चिकटवलेले कागद सुटले तर तसेच आत ठेवा. महिना संपायच्या आत मागणी नोंदवली गेली पाहिजे.*

*कोरी प्रत मागायची गरज नाही, तिला काही होणार नाही.*

*आणि वरच्या वाड्याची प्रतही मागू नका. तिची नोंद कदाचित जाईल, पण पुस्तक जाणार नाही. ते दत्ता मळीक यांच्या हातात आहे आणि तालीम सुरू व्हायची आहे.*

*आपला,*
*बाळासाहेब*